राखणीचा ऋतू : मराठी ग्रामीण लेखनातला हिवाळा

१

दिवाळी अंक बाजारात येतात तेव्हा आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात ज्वारी गुडघ्याच्या आतबाहेर असते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरलेली ही ज्वारी पुढचे चार महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते, माघ-फाल्गुनात निघते. म्हणजे वाचक ज्या दिवसांत निवांतपणे दिवाळी अंक चाळत असतो, त्याच दिवसांत आमच्याकडे सालभराची भाकरी उघड्यावर उभी असते. ही गोष्ट मी चाळीस वर्षे डोळ्यांसमोर पाहत आलो, पण तिचा साहित्याशी काही संबंध आहे हे ध्यानात यायला फार वेळ लागला.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढची तीस वर्षे अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली. जे काही वाचले ते तालुक्याच्या वाचनालयातून आणि रद्दीतून. तेव्हा या लेखाला शास्त्रशुद्ध समीक्षेचा आव नाही. एका वाचकाने आपल्या भाषेतल्या एका ऋतूचा घेतलेला हा झाडा आहे.

झाड्याचे कारण जुने आहे. १९८२-८३चा हिवाळा असावा. मी सहावीत होतो. दाणा चिकात आला होता आणि सकाळची राखण माझ्याकडे होती. शाळा अकराची, त्यामुळे तांबडे फुटल्यापासून दहापर्यंत मी माळ्यावर. हातात गोफण, शेजारी मातीच्या गुंड्यांची टोपली. त्या दिवशी मात्र टोपलीत एक जुना दिवाळी अंकही होता. त्यात हिवाळ्यावर एक लेख होता. धुक्यातली सकाळ, शेकोटी, हुरडा, गुलाबी थंडी. लेख इतका छान होता की मी वर मान केली नाही. मान वर केली तेव्हा भोरड्यांचा थवा उतरून उठलाही होता. माळ्याच्या उगवतीकडच्या चार-पाच ओळींतली कणसे खरवडल्यासारखी झाली होती.

अण्णा आले. त्यांनी ओळींतून एक फेरी मारली. मला मार बसणार याची खात्री होती. ते माळ्याच्या खांबाला टेकले आणि म्हणाले, "काय लिवलंय त्यात?" मी भीत भीत अर्धे पान वाचून दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "थंडी चांगलीच की. पर ह्येला वाटंल तवा घरात जायला येतंय."

एवढेच. नंतर त्यांनी गोफण हातात घेतली आणि मला शाळेत पिटाळले.

मी पुढे वाचत गेलो, थोडेफार लिहू लागलो. एका जिल्हा दैनिकाच्या पुरवणीत मी स्वतः 'गुलाबी थंडी'वर लेख लिहिला आणि तो छापून आला म्हणून पेढे वाटले. त्यात माळा होता, आगटी होती, हुरडा होता. खरवडलेल्या ओळी नव्हत्या. अण्णा तेव्हा हयात होते. त्यांना तो लेख मी वाचून दाखवला नाही.

२

आधी शब्दाकडे पाहू. 'गुलाबी' हे विशेषण थंडीला कोणी प्रथम लावले याच्या खोलात मी जात नाही. ते कोणाच्या तोंडी असते एवढे पाहिले तरी पुरे. आमच्याकडे थंडी पडते, सुटते, वाजते, भरते, धरते. हीव भरते, माणूस काकडतो, बोटे वाकडी होतात, वारा झोंबतो. यातले बहुतेक शब्द क्रियापदे आहेत. थंडी माणसाला काय करते हे ते सांगतात. 'गुलाबी' हे थंडी कशी दिसते ते सांगते. थंडी दिसायची तर माणूस थोडा लांब हवा, किंवा त्याच्या अंगावर पुरेसे पांघरूण हवे.

'हीव' हा शब्द तर दुहेरी आहे. तो हवेचा आहे आणि तापाचाही. 'हिवताप' म्हणतो तो यातूनच. हवेतला गारठा आणि अंगातला काटा यांना एकच नाव असणे हे ज्या लोकांनी दोन्ही भोगले त्यांच्याच भाषेत शक्य आहे.

पण याचा अर्थ शेतकऱ्याला थंडी नको असते असा नाही, आणि इथेच आपल्या ग्रामीण लेखनाची दुसरी चूक होते. 'थंडीत कुडकुडणारा गरीब शेतकरी' हे चित्रही तितकेच बाहेरून काढलेले आहे. रब्बीच्या शेतकऱ्याला थंडी हवी असते. गहू, हरभरा, शाळू हे सगळे थंडीवर पोसतात. आमच्याकडे पौषात लोक एकमेकांना विचारतात, "थंडी हाय का तुमच्यात?" आणि 'आहे' म्हटले की समाधानाने मान हलवतात. त्यांना भीती असते ती आभाळाची. चार दिवस ढगाळ हवा राहिली की ज्वारीवर मावा चढतो, त्याच्या अंगातून झिरपणाऱ्या गोडसर द्रवाने पाने तेल चोपडल्यासारखी चकाकतात. याला आम्ही 'चिकटा' म्हणतो. हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. फुलोऱ्यात धुई आली तर दाणा भरेल की नाही याची धास्ती. शहरातल्या वर्तमानपत्रात 'आल्हाददायक ढगाळ हवामान' असे छापून येते त्या सकाळी आमचे लोक वाकून पानांची मागची बाजू तपासत असतात.

म्हणून हिवाळ्याच्या लेखनाची पारख आनंद की दुःख, सुंदर की भीषण, या मापाने करता येत नाही. अण्णांचे माप अधिक अचूक होते. लिहिणाऱ्याला, किंवा ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला, वाटेल तेव्हा घरात जाता येते का? यापुढे मी हेच माप वापरणार आहे.

३

मराठी ग्रामीण कादंबरीची काही नावेच पाहावीत. र. वा. दिघे यांची 'पाणकळा'. सदानंद देशमुखांची 'तहान'. पाणी असणे आणि नसणे, या दोन टोकांमध्ये आपली ग्रामीण कथा हेलकावत राहिली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) अखेर आठवा. पाऊस पाठ फिरवतो, मेंढरे जातात, माणसे जातात, वाडी रिती होते. त्या कादंबरीची पकड आजही सुटत नाही आणि तिला बोट लावण्याचा माझा इरादा नाही. पण तिथेही गावाचे नशीब ठरवणारा ऋतू पावसाचाच आहे.

असे का झाले असावे? पाऊस येणे किंवा न येणे ही घटना आहे. घटनेवर कथा उभी राहते. हिवाळा हा राखणीचा ऋतू आहे, आणि राखण नीट झाली तर काहीच घडत नाही. पाखरे आली, उडवली. डुकरे आली, हाकलली. रात्र गेली, पीक आहे तिथेच आहे. कथाकाराच्या हाती लागावे असे त्यात काही उरत नाही. साठ-सत्तर रात्री आणि तितक्याच सकाळी काही घडू न देणे हे केवढे मोठे काम आहे, हे कथेच्या नेहमीच्या मांडणीत बसत नाही. त्यामुळे हिवाळा कथेतून निसटला आणि ललित लेखात जाऊन बसला. ललित लेखाला घटना लागत नाही, वातावरण पुरते.

ललित गद्यातला एक मोठा अपवाद म्हणजे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र'. बारा महिन्यांना बारा लेख, कोणताही महिना सावत्र नाही. झाड, पान, मोहोर यांकडे इतक्या नेमकेपणाने पाहायला त्यांनी आपल्याला शिकवले. मात्र त्यांचा विषय निसर्गाचे चक्र हा आहे, शेतातले श्रम हा नाही. त्यांनी तसा दावाही केला नाही. दोष त्यांच्यामागून आलेल्या आमच्यासारख्यांचा. आम्ही त्यांची नजर शेतावर नेली आणि शेतातला माणूस दृश्याचा भाग करून टाकला.

दुसऱ्या बाजूला बहिणाबाई चौधरी. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. खानदेशातल्या या बाईला शेताकडे पाहण्यासाठी बांधावर जाऊन उभे राहावे लागले नाही. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी ही त्यांच्या कवितेत नुसती दृश्ये नाहीत, कामे आहेत. हिवाळ्याची वेगळी अशी कविता त्यांच्याकडे शोधायला गेलो तेव्हा मला उमगले की त्यांच्याकडे ऋतू वेगळा काढलेलाच नसतो. तो कामात मिसळलेला असतो.

४

आता थोडे इतिहासाकडे. आपल्या खेड्यांविषयी जे काही लिहिले गेले त्यातले बरेचसे हिवाळ्यात पाहून लिहिले गेले आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे साहेब फिरतीवर निघत ते पाऊस सरून नद्या उतरल्यावर. तंबू, घोडे, कागदपत्रे घेऊन मुक्काम दर मुक्काम दौरा चाले. वाटा कोरड्या, हवा निरोगी, शिवार हिरवे. अशा दौऱ्यांतून, मामलेदारांच्या टिपणांतून आणि दप्तरांतून मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे उभी राहिली. सोलापूर जिल्ह्याचा खंड १८८४चा, संपादक जेम्स कॅम्बेल. माहितीचा तो खजिना आहे आणि मी त्याचा ऋणी आहे. पण त्याची रचना पाहा. हवामान एका प्रकरणात, पशुपक्षी दुसऱ्यात, शेती तिसऱ्या ठिकाणी, सावकारी आणखी पुढे. माळ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात ही सगळी प्रकरणे एकाच वेळी चालू असतात. आभाळ आले का, थवा कुठून उठला, कणीस किती भरले, कर्ज किती.

इंग्रज अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३च्या आपल्या ग्रामविकासावरच्या पुस्तकात या दोषाला नावच दिले आहे. बाहेरचा अभ्यासक, अधिकारी, सल्लागार हा खेड्यात कोरड्या ऋतूत येतो. रस्ते चालू असतात, पीक आलेले किंवा येऊ घातलेले असते. त्यामुळे पावसाळ्यातली उपासमार, रोगराई, अडकलेली माणसे त्याला दिसतच नाहीत. चेंबर्स यांचे म्हणणे मला पटते, फक्त आमच्या भागापुरती त्यात एक भर घालावीशी वाटते. तो पाहुणा हिवाळ्यात येतो, पण दिवसा येतो. त्यामुळे हिवाळासुद्धा त्याला अर्धाच दिसतो.

पाहुण्यांची यादी मोठी आहे. साहेब गेले, साहित्यिक आले. साहित्य संमेलने बहुधा याच दिवसांत भरतात. पक्षिनिरीक्षक उजनीच्या पाणथळावर येतात, नान्नजच्या माळावर माळढोकाच्या शोधात जातात. लोकसाहित्याचे अभ्यासक वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे शेतातली कडब्याची कोप आणि पांडवांची पूजा पाहायला येतात. आणि आता हुरडा पार्ट्यांच्या गाड्या. या सर्वांविषयी मला राग नाही. यांतल्या कित्येकांकडून मी शिकलो आहे. मारुती चितमपल्ली हे मूळचे आमच्या सोलापूरचे. त्यांच्या 'पक्षिकोशा'त पक्ष्यांची मराठी नावे एकत्र पाहताना मला वाटले, ही नावे ठेवणारे कोण असतील? गुराखी, पारधी, राखणदार. ज्याला पाखरू ओळखू येणे गरजेचे होते त्यानेच त्याला नाव दिले.

दुष्काळाच्या इतिहासातही हिवाळा असाच मागे पडला आहे. १८७६ साली परतीचा पाऊस आला नाही, रब्बी पेरताच आली नाही, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यांत त्या हिवाळ्यात शिवार उघडे पडले. सरकारी कामांवर लोकांची रीघ लागली. जानेवारी १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च आखडण्यासाठी मजुरांचे वेतन दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य मिळेल इतके खाली आणले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनीही नकार दिला. आपण हे सगळे 'पाऊस न पडल्याची' गोष्ट म्हणून वाचतो. पण एक पौंडावर माणसे उघड्या माळावर खडी फोडत होती ते दिवस पौषातले होते, हे मी तारीख पाहीपर्यंत माझ्याही लक्षात आले नव्हते.

५

राखणीचे वाङ्मय आपल्याकडे मुळातच नव्हते असे मात्र नाही. त्यासाठी थेट हालाच्या 'गाथासप्तशती'पर्यंत मागे जावे लागते. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथा गोदाकाठच्या खेड्यापाड्यांच्या आहेत आणि शेत राखणाऱ्या बायका त्यांत पुन्हा पुन्हा भेटतात. स. आ. जोगळेकरांची १९५६ची आवृत्ती वाचनालयातून आणून मी ती तीन वेळा मुदतवाढ घेऊन वाचली. त्यातली एक गाथा माघ महिन्याची आहे. एक कुणबी ऐन माघात अंगावरचे पांघरूण देऊन बैल घेतो. गाथेचा रोख शृंगाराचा आहे. घरी तरुण बायको आहे, तिची ऊब म्हणजे धूर नसलेला तुसाचा विस्तव, मग पांघरूण कशाला, असा तो विनोद.

भाष्यकार शृंगार उलगडून थांबतात. मी अडत दुकानातला माणूस असल्यामुळे मला सौदा दिसतो. पांघरुणाच्या बदल्यात बैल. हा सौदा ज्याला करावा लागतो त्याच्याकडे दोन्ही घेण्याइतके नाही. माघात थंडी संपत आलेली नसते, पण मळणीचे दिवस तोंडावर असतात. थंडीचे काही आठवडे अंगावर काढून त्याने पुढचे काम सोडवले. विनोद खरा आहे, आणि विनोदाखालची ओढगस्तही खरी आहे. दोन ओळींत दोन्ही राहतात. गाथाकाराने त्या कुणब्याची कीव केलेली नाही आणि त्याची थंडी गुलाबीही केलेली नाही.

जवळपास दोन हजार वर्षांनी तेच पांघरूण हिंदीत भेटते. प्रेमचंदांची 'पूस की रात' ही १९३०ची कथा. हल्कूने मजुरीतून तीन रुपये कांबळ्यासाठी साठवलेले असतात, ते देणेकऱ्याला द्यावे लागतात. पौषाच्या रात्री तो जबरा कुत्र्याला जवळ घेऊन शेत राखतो. थंडी असह्य होते. शेजारच्या आमराईतला पाचोळा गोळा करून तो जाळ करतो. ऊब लागते आणि मग उठवत नाही. नीलगाई शेतात शिरल्याचे कळूनही तो उठत नाही. सकाळी बायको उद्ध्वस्त शेत दाखवते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान असते. आता रात्री थंडीत इथे झोपावे लागणार नाही.

या शेवटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी त्यात शेतकऱ्याचे मजूर होणे पाहिले, कोणी निराशा पाहिली. अण्णांच्या मापाने पाहिले तर गोष्ट सरळ आहे. हल्कूला अखेर घरात जायला मिळाले, आणि त्याची किंमत सगळे पीक ही होती. प्रेमचंदांनी राखणीच्या कथेतली ती मूळ अडचणही सोडवली. राखण यशस्वी झाली तर काही घडत नाही, म्हणून त्यांनी ती हरू दिली. पण हरण्याआधीची रात्र इतकी सावकाश सांगितली की हरलेल्या एका रात्रीमागे न हरलेल्या किती रात्री असतील याचा अंदाज वाचकाला येतो. मराठीत या तोडीची राखणीची कथा मी पुष्कळ शोधली, अजून हाती लागलेली नाही. एखाद्या वाचकाला माहीत असेल तर मला तिचे नाव कळल्याचा आनंदच होईल.

आमच्याकडे कांबळ्याच्या जागी घोंगडी असे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगरांचे विणकाम, चिंचोक्याची खळ. नवी घोंगडी अंगाला टोचते, पण दहिवर तिच्यातून आत येत नाही. माळ्यावर ती पांघरायची, पावसात तिचीच खोळ करायची, पाहुणा आला तर तीच अंथरायची. अण्णांची घोंगडी आजही घरात आहे. तिच्या एका कोपऱ्याला आगटीची ठिणगी पडून पडलेले भोक आहे.

६

आता ज्यांच्यामुळे हा लेख सुरू झाला त्या भोरड्या. शास्त्रीय मराठीत हिला गुलाबी मैना म्हणतात. डोके, पंख, शेपूट काळे, बाकी अंग फिकट गुलाबी. मध्य आशिया आणि त्याही पश्चिमेकडून हे पक्षी आपल्याकडे येतात. पावसाळा संपतो न संपतो तोच पहिले थवे दिसू लागतात आणि चैत्र-वैशाखापर्यंत ते परत जातात. वीण तिकडेच होते. संध्याकाळी हजारोंनी एकत्र आलेल्या थव्याचे आकाशात होणारे आकार पाहायला आता लोक मुद्दाम येतात, आणि ते दृश्य खरोखर पाहण्यासारखे असते.

शेतकऱ्याच्या हिशेबात हा पक्षी चोर, आणि त्याचे नावही 'ज्वारी खाणारी' असेच इंग्रज शिकाऱ्यांनी लावून ठेवले. पण त्याच्या घरच्या मुलखात त्याचा मान वेगळा आहे. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळ आणि नाकतोड्यांचा बंदोबस्त करण्यासाठी याच पक्ष्याने घरटी करावीत म्हणून दगडांचे ढीग रचून देतात. आपल्याकडेही तो दाण्याबरोबर किडे खातोच. एकाच पाखराला एक शेतकरी घर बांधून देतो आणि दुसरा गोफण मारतो, कारण तिकडे ते पिलांना किडे भरवायच्या दिवसांत असते आणि इकडे दाणा भरायच्या दिवसांत येते.

भोरडी ज्वारीवर तुटून पडते ती दाणा चिकात असताना, म्हणजे मऊ, दुधाळ, गोड असताना. तो थोडा घट्ट झाला की हुरडा. हुरड्याचे पाहुणे आणि भोरड्या अशा एकाच सुमाराला, एकाच दाण्यासाठी येतात. आमची आत्या पाहुण्यांची जीप वळणावर दिसली की म्हणायची, "आल्या बघा भोरड्या." आम्ही हसायचो. तिच्या बोलण्यात चेष्टा होती, हेवा नव्हता. ती स्वतः आगटी पेटवून, कणसे भाजून, तळहातावर चोळून पहिली मूठ पाहुण्यांच्याच हातावर ठेवायची.

आगटीचेही तसेच. लेखांत ती हुरड्याची म्हणून येते. आमच्याकडे ती आधी राखणीची असे. रात्री शेकायला आणि जनावराला जाग दिसायला खड्ड्यात गोवऱ्या पेटत्या ठेवायच्या. पहाटे त्याच निखाऱ्यात कोणीतरी दोन कणसे खुपसली असतील, तिथून हुरडा. लेखकांनी आगटी पाहिली आणि ती रात्रभर का जळत होती हे विचारायचे राहून गेले.

७

हे सगळे जुन्या आठवणींपुरते असते तर लिहिले नसते. राखण संपलेली नाही. तिचे रूप बदलले आहे, आणि लेखन मात्र अजून हुरड्यापाशीच आहे.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, पुढे कालव्यांना पाणी आले आणि जिथे पाणी पोचले तिथे ज्वारी हटून ऊस आला. उसाला भोरडी खात नाही. दिवसाची राखण संपली. त्याऐवजी रात्रीचे पाणी आले. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की पौषाच्या थंडीत दोन वाजता उठून मोटर चालू करायची आणि गुडघाभर गार पाण्यात उभे राहून दारे धरायची. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७पासून सौर कृषिवाहिनीची योजना आहे. जिथे ती पोचली तिथले लोक सर्वांत आधी सांगतात ते झोपेविषयी.

आणि उसात बिबट्या आला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले. बहुतेक काळ ते माणसाच्या नजरेलाही पडत नाहीत, हे त्या अभ्यासाचे महत्त्वाचे सांगणे. पण सगळे तसेच चालत नाही. डिसेंबर २०२०मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसे मारली आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. ते दिवसही हिवाळ्याचेच होते.

त्याच उसात दसरा-दिवाळीनंतर बीडकडून, माणदेशाकडून तोडणीच्या टोळ्या येतात. पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप, समोर चूल, पहाटे चारला कोयता. रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला उठायचे. हिवाळ्यातल्या आजच्या गावाची निम्मी गोष्ट या कोपींत आहे. घरात जाता येणे तर सोडाच, त्यांचे घर दोनशे किलोमीटरवर कुलपात असते. 'बारोमास'सारख्या कादंबरीने शेतकऱ्याचे वर्ष आपल्यासमोर उलगडले. या चार-पाच महिन्यांच्या गावाचे वर्ष अजून कोणीतरी लिहायचे आहे.

८

एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. राखणीत सुख नव्हते का? होते. पहाटे दहिवराने जड झालेली पाने, दूर कुठेतरी टिटवी, माळरानावरून खाली खाली तरंगत जाणारा भोवत्या, आगटीची राख उकरल्यावर चेहऱ्याला लागणारी धग. हे सगळे मला त्या दिवाळी अंकाने शिकवले नाही, माळ्याने शिकवले. त्या लेखात जे वर्णन होते ते खोटे नव्हते, म्हणूनच मी हरवून गेलो होतो. अण्णांनीही 'थंडी चांगलीच की' असेच आधी म्हटले होते. पुढचे वाक्य त्यांनी जोडले, एवढेच. आपल्या हिवाळ्याच्या लेखनात पहिले वाक्य भरपूर आहे. दुसरे राहिले आहे.

गेल्या पौषात धाकट्या भावाकडे रात्रीची पाळी होती. मी सोबत गेलो. त्याच्याकडे बॅटरी, गमबूट, कानटोपी आणि मोबाइलवर बारीक आवाजात भजन. उसात काही असेल तर त्याला माणूस असल्याचे कळावे म्हणून. मी अण्णांची घोंगडी पांघरून बांधावर बसलो. दोन तास झाले असतील. मला हुडहुडी भरलेली पाहून तो पाण्यातूनच म्हणाला, "दादा, जा तुम्ही घरला. हितं तुमचं काय काम हाय?"

मी उठलो आणि गेलो. वाटेत दोनदा मागे वळून पाहिले. बॅटरीचा उजेड एका दारावरून दुसऱ्या दारावर सरकत होता.